पावसात या, आणि आम्हाला सोबत घ्या

भावाचा फोन येतो तेव्हा पहिली पाच मिनिटे खाणीवर जातात. आमचे घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, लोहखनिजाच्या खाणींच्या पट्ट्यात. भावाने खनिज वाहायला कर्ज काढून ट्रक घेतला आणि 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. मग सुरू झाल्या, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. आता डिचोलीत लिलावात गेलेल्या पट्ट्यातून खनिज निघू लागले आहे. भाऊ म्हणतो, चुलीला आधार झाला. मागून वहिनी म्हणते, व्हाळ (ओढा) खाणीच्या मातीने परत लाल झाला तर वायंगणाचे (उन्हाळी भाताचे) काय? दोघांचे खरे आहे, आणि या घरातला वाद मी दहा वर्षे दुरून ऐकते आहे.

मी राहते अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ग्रीन काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग). वर हिरव्या टेकड्या, गाई, लाकडी गोठे. काहीशे फूट खाली कोळसा. यंत्र कोळशाचा लांबरुंद पट्टा कापत पुढे जाते आणि मागचे छत कोसळू दिले जाते. मग वरची जमीन खचते, आणि खडकाला भेगा पडल्या की ओढ्याचे पाणी त्यांतून खाली जाते.

आमच्या शेजारी एक वयस्कर शेतकरी आहेत. खाणीचे पाणी जिथे ओढ्यात सोडतात, त्याच्या खाली त्यांना दगडांवर लोहाची तांबूस साय दिसू लागली, म्हणून त्यांनी लेखी तक्रार केली. 1977 च्या इथल्या खाणकायद्यानुसार तक्रारदाराला निरीक्षकाबरोबर तपासणीला जाता येते. त्यांना चढउतार झेपत नाही, आणि मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. निरीक्षकाला विचारून मीही सोबत गेले.

पर्यावरणाचा निरीक्षक खाणीत उतरत नाही. कामगारांच्या सुरक्षेचे खाते वेगळे आहे. हा माणूस पाण्याच्या वाटेने चालला. गेटवरच्या फलकावरचा परवाना क्रमांक, मग टाकाऊ दगडमातीचा ढीग, त्याच्या पायथ्याचे चर, गाळ बसवायच्या तळ्याचा बांध. बांधाला एका ठिकाणी ओल होती, तिथे तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला. शेवटी पाणी बाहेर पडते ते तोंड. सामू मोजला, प्रवाह मोजला, बाटल्या भरल्या. लोहासाठीच्या बाटलीत आम्ल घालतात, नाहीतर लोह तळाशी बसते आणि आकडा कमी येतो. एक नमुना तोंडाच्या वरच्या बाजूचा, एक खालचा. अमेरिकेच्या केंद्रीय नियमात जुन्या खाणींना लिटरमागे लोहाची मासिक सरासरी 3.5 मिलिग्रॅम आणि कुठल्याही एका दिवशी 7 मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. मग त्याने शेजाऱ्यांना विचारले, पाणी पूर्वी कुठवर असायचे? त्यांनी काठीने एक दगड दाखवला. निरीक्षकाने तो दगड वहीत नोंदवला.

त्या दिवशी तो येणार हे खाणीला माहीत नव्हते. कायदाच तसा आहे: महिन्याला सरासरी एक अंशतः आणि दर तिमाहीला एक संपूर्ण तपासणी, आगाऊ सूचना न देता.

लोह मर्यादेत निघाले. ओढ्याचे पाणी मात्र काठीच्या त्या दगडाच्या वीतभर खाली होते, आणि त्याची चौकशी अजून चालूच आहे. म्हणून अमेरिकेचे गोडवे गायला मी बसलेले नाही. याच काउंटीतल्या रायरसन उद्यानातला तलाव 2005 मध्ये धरणाला तडे गेल्याने रिकामा करावा लागला. कारण जमिनीखालचे खाणकाम, असे राज्याने ठरवले. तलाव पुन्हा भरला नाही. इतके निरीक्षक असताना हे झाले.

तरी त्या वहीतली नोंद माझ्या मनातून जात नाही. आमच्या गावात असे विचारायला कोणी आल्याचे मला आठवत नाही. आमच्याकडे नियम नाहीत असे नाही. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार खाणचालकाने अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो, 1 जूनला आणि 1 डिसेंबरला. आता या तारखा गोव्याच्या पंचांगावर ठेवून पाहा. पहिला अहवाल पावसाच्या तोंडावर, दुसरा भात कापून झाल्यावर. डंपची, म्हणजे खाणीच्या टाकाऊ ढिगाची, माती व्हाळात उतरते ती जुलैत, एका रात्रीत. डिसेंबरच्या कागदावर जुलैचे पाणी येते ते खाणीनेच लिहिलेले. तोवर गाळ शेतात बसून घट्ट झालेला असतो. इथल्या भूमिगत खाणीत वर्षभर जे हळूहळू होते, ते आमच्या उघड्या खाणीवर चार महिन्यांत होते. मग आमची तपासणी पावसातच व्हायला हवी, तीही न कळवता.

भावाला मी हेच सांगते. खाण हवी की नको, यावर ग्रामसभेत खुर्च्या सरकतात आणि माणसे एकमेकांशी बोलायची थांबतात. निरीक्षक आला तर गावातले दोघे त्याच्याबरोबर चालतील, ही मागणी ट्रकवाला आणि शेतकरी दोघेही करू शकतात. व्हाळ स्वच्छ राहिला तर भावाचा ट्रकही न्यायालयाच्या पुढच्या आदेशाने उभा राहण्याची भीती कमी. 'गोंयांत कोळसो नाका' म्हणत मुरगाव बंदरात उतरणाऱ्या कोळशाविरुद्ध लोक उभे राहिले, तेव्हा त्यांनी आपल्या खिडकीतली काळी धूळ दाखवली होती. व्हाळाचा दगड दाखवणारी माणसेही गावोगाव आहेत. माझी वहिनीच आहे.

ते सहामाही अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत आणि अर्ज केल्यास प्रत द्यावी लागते, हे भावाला ठाऊक नव्हते. काल रात्री मी अर्ज मराठीत लिहून पाठवला. त्यात प्रतीबरोबर एकच माहिती मागितली आहे: व्हाळाच्या पाण्याचा नमुना कोणत्या तारखेला घेतला. सही वहिनी करणार आहे.