डोनाल्ड बेलची धाव

"खरे सांगायचे तर तो निव्वळ नशिबाचा भाग होता, मी काहीच केले नाही, एक बॉम्ब तेवढा फेकला आणि काम झाले," अशा अर्थाचे पत्र सेकंड लेफ्टनंट डोनाल्ड बेल याने पहिल्या महायुद्धात, जुलै १९१६ मध्ये, फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवरून आईला लिहिले. हे पत्र आठवले की दरवेळी मला त्याच्याशी वाद घालावासा वाटतो.

बेल यॉर्कशायरमधील हॅरोगेटचा. पेशाने शाळामास्तर. मास्तरकीच्या पगाराला जोड हवी म्हणून १९१२ मध्ये तो ब्रॅडफर्ड पार्क अव्हेन्यू या फुटबॉल क्लबचा व्यावसायिक खेळाडू झाला. अंगापिंडाने भक्कम, तरीही विलक्षण वेगवान असा हा बचावपटू होता. १९१४ मध्ये युद्ध पेटल्यावरही लीगचे सामने चालूच राहिले, तेव्हा पैसे घेऊन खेळणाऱ्यांवर वर्तमानपत्रांनी सडकून टीका केली. पण बेलने त्याच वर्षी क्लबकडून मोकळीक मागून घेतली आणि तो साधा शिपाई म्हणून भरती झाला. सरसकट सगळ्या खेळाडूंना भेकड ठरवणारी ती टीका मला आजही अन्यायाची वाटते.

५ जुलैला हॉर्सशू खंदकावर हल्ला करताना एका जर्मन मशीनगनने त्याच्या तुकडीला बाजूने झोडपायला सुरुवात केली. कॉर्पोरल कोलविल आणि शिपाई बेटी यांना बरोबर घेऊन बेल एका अरुंद चरातून सरपटत पुढे गेला, मग एकाएकी उघड्यावर धावत सुटला, पिस्तुलाने मशीनगन चालवणाऱ्याला टिपले आणि सुमारे वीस यार्डांवरून फेकलेल्या पहिल्याच बॉम्बने गन उलथवली. डोक्यावर पोलादी शिरस्त्राण, पाठीवर पिशवी, कमरेला काडतुसे आणि हातबॉम्ब, एवढे ओझे घेऊन ही धाव! त्याचा शाळासोबती आणि त्याच रेजिमेंटमधील अधिकारी आर्ची व्हाइट याने पुढे लिहिले, की त्या आघाडीवर दुसऱ्या कोणाला हे बहुधा जमले नसते. मला व्हाइटचे म्हणणे पटते. मैदानावर वर्षानुवर्षे कमावलेल्या पायांना नशीब कसे म्हणावे?

पाचच दिवसांनी, १० जुलैला, कोंतालमेझों गावात असाच पुढे धावत असताना तो मारला गेला. वय २५. (आपल्या माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी इटलीत एकट्याने मशीनगनवर चाल करून प्राण दिले, ती तारीखही १० जुलैच, साल १९४४. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळाले. हा योगायोग लक्षात आल्यापासून बेल मला परका वाटत नाही.)

२०१० मध्ये बेलचे पदक लिलावात निघाले, तेव्हा इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेने दोन लाख पौंडांहून अधिक किंमत मोजून ते घेतले आणि पुढे ते मँचेस्टरच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात ठेवले गेले. शौर्यपदकाची जागा लष्करी संग्रहालयातच, असे कोणी म्हणेल. माझ्या मते ते योग्य ठिकाणी पोहोचले, कारण त्या दिवशी धावला तो फुटबॉलपटू होता.

ते पदक स्वीकारायला १३ डिसेंबर १९१६ रोजी राजा पाचव्या जॉर्जसमोर उभी राहिली त्याची पत्नी रोडा. लग्न झाले होते ५ जून १९१६ ला, त्या धावेच्या बरोबर एक महिना आधी. तिने पुन्हा लग्न केले नाही.