कापूस वेचणीचे फोटो काढायला पहाटे सहाला जाऊ नका

नोव्हेंबर लागला की रविवारी पहाटे नागपुरातून सावनेर, काटोल, हिंगण्याकडे कॅमेरेवाले निघतात. साडेसहाच्या सुमारास सूर्य वर येतो, उजेड सोन्यासारखा असतो, वावर पांढरं फुललेलं असतं. वेचणारी बाई मात्र कुठेच दिसत नाही. कापसावर दंव असतं आणि ओला कापूस वेचला तर भाव पडतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत 8 टक्के ओलावा धरतात, 12 च्या वर गेला तर कापूस घेत नाहीत. म्हणून जाणता शेतकरी दंव सुकल्याशिवाय पात (वेचायला धरलेल्या ओळी) लावत नाही.

मग काय होतं? वाटेने जाणाऱ्या एखादीला वावरात उभं करतात, "ताई, जरा वेचल्यासारखं करा" म्हणतात. असा फोटो लगेच ओळखू येतो. कमरेची ओटी (वेचलेला कापूस ठेवायची कापडी झोळी) रिकामी असते, एकाच हाताने बोंड धरलेलं असतं आणि नजर कॅमेऱ्याकडे. खरी वेचणी दोन्ही हातांनी चालते. सुकलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी टोचतात, नखांच्या कडेची कातडी सोलते. ती बोटं जवळून टिपायची तर शटर 1/500 सेकंदापेक्षा हळू ठेवू नका, नाहीतर हात पुसट येतात.

ग्रामीण जीवनाचं छायाचित्रण करायचं असेल तर घड्याळ कामाचं धरावं, उजेडाचं नाही, असं माझं ठाम मत आहे. अकरा ते तीन उजेड कडक असतो, हे कबूल. पण पदराखालच्या सावलीतल्या चेहऱ्यावर ओटीतल्या कापसाचा पांढरा उजेड खालून पडतो. स्टुडिओतला रिफ्लेक्टर हेच काम करतो. ओटी भरत जाते तसा चेहरा उजळत जातो, म्हणून पात अर्धी झाली की फोटो काढा. उजेड मोजायचं मीटर स्पॉटवर, म्हणजे फक्त उन्हातल्या कापसाच्या ठिपक्यावर धरा आणि एक्स्पोजर (फोटोत घेतलेला उजेड) दीड ते दोन स्टॉप, म्हणजे पायऱ्या, वर घ्या. कॅमेऱ्यावर सगळं सोडलं तर तो कापूस राखाडी करतो, नुसता चेहरा धरून एक्स्पोजर दिलं तर कापसातले तंतू जळून जातात. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढलं तर सावली नंतर उचलता येते.

चालायचं ते वेचलेल्या बाजूनेच. न वेचलेल्या तासात (कपाशीच्या ओळीत) शिरलात की पँटला लागून कापूस खाली पडतो, त्यात काडीकचरा मिसळतो आणि नुकसान दुसऱ्याचं होतं. वेचलेल्या बाजूने समोरचा चेहरा मिळत नाही, बाजूचा मिळतो. तो पुरेसा आहे. 35 एमएमची लेन्स बरी. धुऱ्यावरून (बांधावरून) लांबच्या लेन्सने चोरून काढलेले फोटो मला पटत नाहीत.

मजुरी किलोवर असते. आठ तासांत 40 किलो वेचणारीचा एक किलो 12 मिनिटांत होतो. तुम्ही तिला 12 मिनिटं थांबवलं तर एका किलोची मजुरी गेली. बोलायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीत, झाडाखाली बसून बोला. नाव तेव्हाच विचारा, फोटो कुठे टाकणार तेही सांगा, आणि दोन्ही वहीत लिहून ठेवा.

हे लिहिणं फार महत्त्वाचं आहे. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगने 1936 मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमोला वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. जगभर गाजला तो, पण लँगने नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं 1978 मध्ये. या कुटुंबाने गाडीचे टायर विकले, असं लँगने नोंदवलं होतं. कुटुंबाने ते नाकारलं. आपल्याकडे तर मजूर बाईच्या फोटोखाली सर्रास 'बळीराजा' लिहितात. ते वावर तिचं नसतं. गाव, तारीख, कितवा वेचा, मजूर की मालकीण, एवढं तरी खरं लिहा.

आणि संध्याकाळी पाचला परत निघू नका. साडेपाचला दिवस मावळतो, त्याच्या जरा आधी कापूस मोजायचा काटा लागतो. ज्या सोनेरी उजेडासाठी तुम्ही पहाटे उठला होता, तो कामाच्या वेळेवर आता येतो. गाठोडं आकड्याला लटकतं, एकजण वहीत लिहितो, आणि रांगेतल्या सगळ्या बायांची नजर काट्यावर असते. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) 800 ते 1600, शटर 1/125, आणि जागा काट्याच्या मागे, म्हणजे त्या नजरा समोरून मिळतात.