‘एक सातपूरकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

डिजिटल बॅजवरच्या (म्हणजे एखादं कौशल्य अंगी आहे हे दाखवणाऱ्या ऑनलाइन बिल्ल्यांवरच्या) माझ्या लेखाखाली ‘एक सातपूरकर’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हे बॅज म्हणजे बालवाडीत हातावर काढलेल्या चांदण्या, एचआरवाले डिप्लोमाच मागतात, बॅज काय कुणीही देतं, आणि “एसीत बसून लिहिणाऱ्यांनी कधी मशीनला हात तरी लावलाय का?”

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. मुद्दा पटला नाही तर खोडा, लिहिणाऱ्याची लायकी कशाला काढता? आणि काढलीच आहे तर ऐका. माझे वडील नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतच टर्नर होते. मी स्वतः नाशिकच्याच अंबड एमआयडीसीत व्हीएमसीवर (धातू कापून भाग घडवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या मशीनवर) होतो, नाइट शिफ्टसकट. हेल्पर म्हणून लागलो. ऑफसेट (टूल आणि भागाच्या जागेची मापं) कसा द्यायचा, टूल कधी बदलायचं, हे शेजारच्या सेटरकडे, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणाऱ्याकडे, बघून शिकलो. पुढे सेटिंग मीच करायचो, नवीन पोरांना शिकवायचोही. कंपनीच्या रजिस्टरवर मात्र शेवटपर्यंत हेल्परच. दुसरीकडे मुलाखतीला गेलो तर साहेबांनी फाइल उघडली, आयटीआयचा कागद दिसला नाही, फाइल मिटली. मशीनपाशी नेऊन एक जॉब (घडवायचा भाग) लावायला सांगावा, एवढंही सुचलं नाही त्यांना.

नंतर नोकरी सांभाळून आपल्या मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली. त्या पदवीवर मला खुर्ची मिळाली, पण पदवीत व्हीएमसीचं नावही नव्हतं. जे येत होतं त्याचा कागद नाही, आणि कागद होता तो भलत्याच गोष्टीचा. हे भोगलेला माणूस बॅजबद्दल लिहितोय. तेव्हा मशीनचं मला विचारू नका. (आणि एसी माझ्याकडे नाही. नाशिकला एप्रिल-मे सोडले तर लागतो कुणाला?)

चांदण्यांचं म्हणाल तर लेख पुरता वाचलेला दिसत नाही. ओपन बॅज हे अशा बॅजसाठीचं खुलं मानक, फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०११ मध्ये हाती घेतलेलं काम. आता ते मानक वनएडटेक ही संस्था सांभाळते. त्यात बॅजच्या चित्राला माहिती जोडलेली असते: कुणी दिला, कधी, कोणत्या निकषावर. हवं तर कामाचा पुरावा आणि मुदतही जोडता येते. मी लावलेला जॉब, त्याचं ड्रॉइंग, तपासणीची मापं हे सगळं तेव्हा असं जोडता आलं असतं, तर ती फाइल इतक्या लवकर मिटली नसती.

एक मान्य. वेबिनारला नुसती हजेरी लावून मिळालेल्या बॅजांची लिंक्डइनवर जी रांग लागते, तिला मीही हसतो.

“कुणीही देतं” म्हणता. क्लासवाले सर्टिफिकेटं छापत नाहीत का? निकष वाचा, देणारा कोण ते बघा, मग ठरवा. एचआरच्या सवयी बदलायला वेळ लागेलच. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत आधीच अंगी असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, म्हणजे विचार काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. त्यात आज जास्त शिरत नाही.

सातपूरकर, तुमच्या कंपनीत सेटर कसा निवडतात, कागद बघून की जॉब लावून घेऊन, ते लिहा. जरूर छापीन. टोमणे असतील तर मात्र खाली स्वतःचं नाव टाका.