सरफेसीची नोटीस: "रजिस्टर घेऊ नको" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

सरफेसी म्हणजे कोर्टात न जाता बँकेला गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरकर्ज थकून त्याची नोटीस आली की दोन सल्ले फुकट मिळतात. पहिला, रजिस्टर, म्हणजे पोस्टानं आलेली ती नोटीस, घेऊ नको. दुसरा, बेळगावच्या कोर्टातून स्टे आण. दोन्ही घर घालवणारे आहेत.

रजिस्टर टाळलं की बँकेचा अधिकारी नोटीस दाराला चिकटवतो आणि दोन दैनिकांत छापतो. मग ती मिळाली असंच धरलं जातं. आणि स्टेचं म्हणाल, तर 2002 च्या सरफेसी कायद्याच्या कलम 34 ने दिवाणी कोर्टाचा दरवाजा जवळपास बंदच केलाय. दाद मागायची ती बेंगळूरच्या डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात.

आधी कर्ज कुणाचं ते बघा. सहकारी बँकांना सरफेसी लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा तो निकाल आपल्या शेजारच्या मुरगूडच्या बँकेच्याच खटल्यातला. पण सोसायटी, सौहार्द, मल्टिस्टेट पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. त्यांना सहकार कायद्याखाली दावा किंवा लवाद करून वसुली करावी लागते. त्यांच्या माणसानं "सरफेसी लावतो" म्हणून दम दिला तर कुठल्या कायद्यानं ते लेखी मागा. शेतजमिनीवर सरफेसी चालत नाही. मात्र उताऱ्यावर शेती आणि जागेवर गोडाऊन असेल तर ही सूट मिळेलच असं नाही.

हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं. नंतर एखादा हप्ता भरून ते सुटत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. मग येते कलम 13(2) ची नोटीस, मुदत 60 दिवस. खरी लढाई इथंच असते आणि नेमके हेच दिवस लोक मध्यस्थांच्या मागं घालवतात. खाते उतारा मागवा. भरलेल्या पावत्या त्यात जमा दिसतात का, दंडव्याज कसं लावलंय, एनपीएची तारीख बरोबर आहे का, हे ताडून लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. भावाच्या नावे बक्षीसपत्र करण्याची हुशारी नको, नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय तसं करता येत नाही. जामीनदारानंही गाफील राहू नये, बँक थेट त्याच्यामागे येऊ शकते.

पुढचा टप्पा कागदी ताब्याचा. दारावर नोटीस लागते, घरात माणसं राहतातच, म्हणून सगळे निवांत. पण डीआरटीत जायचे 45 दिवस तिथून मोजायला लागतात. त्यानंतर डीसी (जिल्हाधिकारी) किंवा सीजेएमच्या (मुख्य न्यायदंडाधिकारी) आदेशानं पोलीस येतात आणि कुलूप बदलतं. पहिल्या लिलावाआधी 30 दिवसांची नोटीस हवी. पूर्ण रक्कम भरून मालमत्ता सोडवायचा हक्क मात्र 2016 च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहिरात छापून येईपर्यंतच. लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे घेऊन धावण्यात अर्थ नाही. ओटीएस, म्हणजे एकरकमी तडजोड, मागा जरूर, पण तो हक्क नव्हे. बँक नाही म्हणू शकते.

आता आपल्या भागाचं दुखणं. ताब्याची जाहिरात दोन दैनिकांत लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, त्या परिसरात पुरेसा खप असलेलं. नियमात राज्यभाषा असा शब्द नाही. मराठी गावातल्या घराची जाहिरात फक्त इंग्रजी आणि कन्नड पेपरात आली, तर माझ्या मते डीआरटीच्या अर्जात हा आक्षेप घ्यायलाच हवा. तेवढ्या एका मुद्द्यावर घर वाचेल असं मात्र धरून चालू नका. आणि नोटीस वाचता येत नसेल तर त्याच दिवशी जाणकाराकडून वाचून घ्या, कारण 60 दिवस भाषा कळेपर्यंत थांबत नाहीत.