डिसेंबरात फ्लेमिंगो का दिसले नाहीत: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. एक तारा देऊन तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात: भिगवणला येऊन एकही फ्लेमिंगो दिसला नाही, भाड्याने घेतलेली दुर्बीण बिनकामाची निघाली आणि नावाडी उद्धट होता.

दुर्बिणीचं आधी, कारण तिथे चूक सरळसरळ आमची. एका बाजूच्या काचेवर आतून बुरशी धरली होती, हे तुम्ही गेल्यावर मी बघितलं. आधी बघायला हवं होतं. तिचं भाडं परत करतो आहे.

फ्लेमिंगोच्या बाबतीत अर्धी चूक आमची. आमच्या जाहिरातीतला थव्याचा फोटो मार्चमधला आहे आणि तसं त्याखाली कुठेच लिहिलं नव्हतं. आता लिहिलंय. पण त्या दिवशी तुम्हाला कोणीही फ्लेमिंगो दाखवू शकलं नसतं. रोहित, म्हणजे हाच पक्षी, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळून खातो. त्याला उथळ पाणी लागतं. भिगवण ज्याच्या फुगवट्यावर आहे ते उजनी धरण यंदा शंभर टक्क्यांच्या वर भरलं. तुमची बोट जिथून गेली तिथे बांबूला तळ लागत नव्हता. कालव्याला आवर्तनं सुटली, पाणी उतरलं, गाळपेर म्हणजे काठची गाळाची जमीन उघडी पडली की मग ते येतात. पाऊस बरा झाला असेल तर जानेवारी सरता सरता, कधी त्याहून उशिरा. दुष्काळी साली लवकर दिसतात. आमची शेतीही आहे आणि हा धंदाही, त्यामुळे देवाकडे नेमकं काय मागावं हा प्रश्नच पडतो.

बाकी, "काहीच पक्षी नव्हते" हे मात्र मला पटलं नाही. तुम्हीच टाकलेल्या तिसऱ्या फोटोत डाव्या काठाला राखाडी दगड दिसतात ना, ते दगड नाहीत. ते पट्टकादंब आहेत, म्हणजे एक जातीचे रानहंस. फोटो मोठा करून बघा, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे दिसतील. हिमालय ओलांडून आलेली पाखरं आहेत ती.

आणि नावाडीमामांशी वाद झाला तो याच थव्यावरून. बोट मध्ये घाला, उडवा, उडतानाचा फोटो हवाय, असं तुम्ही म्हणालात. त्यांनी लांबच इंजिन बंद केलं. हे कादंब बहुतेक रात्री शेतात चरतात आणि दिवसा काठावर विसावा घेतात. दर रविवारी प्रत्येक बोटीने त्यांना उठवलं तर ते हा काठ सोडतील. कुरवांना (पाण्यावरच्या सीगलना) शेव टाकू दिली नाही, तीही मामांनी माझ्याच सांगण्यावरून. त्यांचा आवाज चढा आहे, जन्मभर वाऱ्यात जाळी टाकताना ओरडून बोलायची सवय. शब्द लागला असेल तर मी माफी मागतो. बोट थांबवल्याबद्दल नाही, आणि बोटीचे पैसेही परत मिळणार नाहीत.

फेब्रुवारीत परत यायचं मनात असेल तर निघायच्या दोन दिवस आधी फोन करा, पाणी कुठवर उतरलंय ते खरं सांगेन. आणि मागच्यासारखं साडेनऊला नको, साडेसहाला काठावर या.