"दहा मिनिटांचं काम" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या गाडीच्या मोटरने ऐन डिलिव्हरीच्या तोंडावर त्रास दिला, तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. पण "सॉफ्टवेअरमध्ये एन४२ मॅग्नेट निवडायला दहा मिनिटं लागतात, यांनी आठवडा लावून त्याचे पैसे घेतले, तरी चढावर गाडी तापली की टॉर्क पडतोच" असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात, ते फार लागलं. भोसरीत आमचं सगळं काम एकाने दुसऱ्याला नाव सांगण्यावरच चालतं.

सॉफ्टवेअरच्या तयार लायब्ररीतून एन४२ (निओडिमियम मॅग्नेटचा एक ग्रेड) उचलायला दहा मिनिटंही लागत नाहीत. पण तिथे बऱ्याचदा मिळते ती मॅग्नेटच्या वागण्याची २० अंशांवरची सरळ रेघ. कोअर्सिव्हिटी (उलट्या चुंबकीय क्षेत्राला तोंड देण्याची क्षमता) आणि रिलेटिव्ह पर्मिएबिलिटी (त्या रेघेचा उतार), दोनच आकडे. तुमचा मॅग्नेट चालणार १२० अंशांवर. तिथे १.३ टेस्लाचा बीआर, म्हणजे मॅग्नेटची मूळ चुंबकीय ताकद, १.१४च्या आसपास येतो, ते एक वेळ डिझाइनमध्ये सांभाळून घेता येतं. पण साध्या एन४२ची इंट्रिन्सिक कोअर्सिव्हिटी (उलट्या क्षेत्रापुढे स्वतःचं चुंबकत्व टिकवण्याची क्षमता) २० अंशांना किमान ९५५ किलोअँपिअर प्रति मीटर असते आणि दर अंशामागे साधारण ०.६ टक्क्याने घटते. १२०ला निम्मीही उरत नाही. नी पॉइंट, म्हणजे जिथून रेघ एकदम खाली कोसळते ती जागा, वर सरकतो, चढावर करंट वाढला की मॅग्नेट त्याच्या खाली जातो, आणि मग मोटर गार झाली तरी गेलेली ताकद परत येत नाही. सरळ रेघेत नी पॉइंटच नसतो, त्यामुळे सॉफ्टवेअर सगळं ठीक दाखवतं.

म्हणून आम्ही १२० अंशांचा बीएच कर्व्ह (उलट्या क्षेत्रात मॅग्नेटची ताकद कशी घटते त्याचा आलेख) मागत होतो. आठवड्यातला बराचसा वेळ तुमच्या सप्लायरकडून तो येण्यातच गेला. मग एकेक पॉइंट वाचून भरला, आर्क (कमानीसारखे) मॅग्नेट पॅरलल दिशेने मॅग्नेटाइज केलेत की रेडियल तेही विचारून घेतलं. रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं: साधा एन४२ ८० अंशांच्या वर वापरू नये, ४२एसएच (जास्त तापमान सोसणारा ग्रेड) घ्यावा. तुम्ही साधाच घेतलात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने एसएचला उष्णता सोसायची ताकद देणाऱ्या डिस्प्रोशियम, टर्बियम या धातूंच्या निर्यातीला परवाना लावल्यापासून एसएच मिळवणं किती जड जातंय, याची कल्पना आहे सर. पण त्याचा दोष आमच्या रिपोर्टवर का?

यापुढे काम कुठे अडलंय ते वेळच्या वेळी कळवत राहू. मोटर उघडली असेल तर मॅग्नेट टाकू नका. त्यातला एक आणि त्याच लॉटमधला एक कोरा पाठवा, गाऊसमीटरवर दोन्ही मोजून देतो. त्याचे पैसे नकोत.