अपघातानंतर स्वतःचा निकाल स्वतः लावू नका

कारच्या अपघातातून बाहेर पडलेला माणूस पहिल्या काही मिनिटांत स्वतःच्या प्रकृतीबद्दल जे सांगतो, त्यावर कोणी विसंबू नये, आणि त्याने स्वतः तर मुळीच विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो उभा राहतो, हातपाय हलवून पाहतो, कपडे झटकतो आणि भोवती जमलेल्यांना सांगतो की मला काही लागलेले नाही. तो खोटे बोलत नसतो. त्या क्षणी त्याला खरोखरच काही जाणवत नसते. धक्का बसताच शरीरात ॲड्रेनॅलिन उसळते आणि मेंदू वेदनेची दारे काही काळ लावून घेतो. हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धात गंभीर जखमी झालेल्या सैनिकांची विचारपूस केली, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांनी वेदनाशामक औषध नको असे सांगितले होते. त्याची ही निरीक्षणे १९४६ साली प्रसिद्ध झाली. गंभीर जखमा झालेल्या माणसांची ही स्थिती असेल, तर मुका मार लागलेल्या कारचालकाच्या ‘मी ठीक आहे’ला किती वजन द्यायचे, हे आपणच ठरवावे.

अपघाताच्या जागी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. इंजिन बंद करावे, धोक्याचे दिवे लावावेत आणि रुग्णवाहिका बोलवावी. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर आहे तिथेच मान न वळवता बसून राहावे. धूर, आग, पाणी किंवा अंगावर येणारी वाहने यांचा धोका असेल तरच बाहेर पडावे. मदतीला धावलेले लोक चांगल्या हेतूने जखमीला काखेत धरून ओढून काढतात, आणि कण्याला इजा असेल तर हीच मदत महागात पडते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. थांबले का हे पाहण्यासाठी ते सारखे उचलू नये. आणि गाडी चालू स्थितीत असली, तरी जखमीने ती स्वतः चालवत रुग्णालयात जाऊ नये.

रुग्णालयात ‘कुठे दुखते?’ असे विचारल्यावर आपण सर्वांत जास्त दुखणारी एकच जागा दाखवतो आणि गप्प बसतो. डॉक्टरांना मात्र त्याहून अधिक हवे असते. धडक समोरून बसली की बाजूने, वेग साधारण किती होता, पट्टा बांधला होता का, एअरबॅग उघडली का, गाडी उलटली का, डोके कशावर आदळले का, मध्येच काही आठवेनासे झाले आहे का, हे सगळे न विचारता सांगावे. चेपलेल्या गाडीचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तोही दाखवावा. वाकलेले स्टिअरिंग किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली काच पाहिली की छातीवर आणि डोक्यावर किती जोर आला असेल, याचा अंदाज बांधता येतो. मानेचे चित्रण (एक्स-रे किंवा स्कॅन) करायचे की नाही हे ठरवण्यासाठी २००१ साली प्रसिद्ध झालेला एक कॅनडियन नियम वापरला जातो. त्यातही रुग्णाचे वय ६५ किंवा अधिक आहे का, अपघाताचा प्रकार धोकादायक होता का आणि हातापायांना मुंग्या आहेत का, हे प्रश्न आधी येतात. म्हणूनच, ‘एकदा सगळे स्कॅन करूनच टाका’ असा हट्ट धरण्यापेक्षा घडले ते नीट सांगणे अधिक उपयोगाचे, असे मी मानतो.

एका खुणेबद्दल मुद्दाम लिहितो. पट्ट्याने जीव वाचवलेल्या माणसाच्या अंगावर कधीकधी खांद्यापासून छातीवरून तिरपा उतरलेला आणि ओटीपोटावर आडवा उमटलेला काळानिळा पट्टा दिसतो. पोटावरचा तो आडवा वळ ‘थोडे खरचटले आहे’ म्हणून शर्टाखाली झाकून घेऊ नये. त्याच्या आत आतड्याला इजा झालेली असू शकते आणि तिची लक्षणे कित्येक तासांनी दिसू लागतात. खांद्याला मार नसताना डावा खांदा दुखू लागला, तर प्लीहेतून पोटात रक्तस्राव होत असण्याची शक्यता डॉक्टर तपासून पाहतात. गर्भवती स्त्रीने तर धडक किरकोळ वाटली तरी तपासणी टाळू नये. वार (बाळाला पोसणारा गर्भाशयातला अवयव) सुटण्याचा धोका लक्षात घेऊन बाळाच्या ठोक्यांवर काही तास लक्ष ठेवावे लागते.

डोक्याच्या माराचे वागणे याहून फसवे. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते, तेव्हा कधीकधी माणूस मध्यंतरी पूर्ण शुद्धीवर असतो, बोलतो, हसतो आणि नंतर एकाएकी ढासळतो. वयस्कर माणसांत आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत मेंदूच्या आवरणाच्या आतल्या बाजूला होणारा रक्तस्राव इतका संथ असू शकतो की त्याचा परिणाम काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतो. म्हणून अशा गोळ्या चालू असतील तर ते पहिल्याच वाक्यात सांगावे. घरी पाठवल्यावर निदान पहिली रात्र कोणीतरी सोबत असावे. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलट्या, बोलण्यात अडखळणे, एका बाजूची शक्ती कमी होणे, आकडी येणे, उठवूनही नीट जाग न येणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. निरीक्षणाचे हे काम दुसऱ्याने करायचे आहे, कारण ज्याच्या मेंदूला मार बसला आहे त्यालाच साक्षीदार नेमण्यात अर्थ नाही.

मानेला बसलेला हिसका बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी समजतो. मान वळत नाही, खांदे जड होतात, डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका लागतो. इथे आपल्या मनात मानेचा पट्टा आणि अंथरूण या दोन गोष्टी इतक्या पक्क्या बसल्या आहेत की त्याविरुद्ध बोलणेही लोकांना आवडत नाही. तरीही सांगतो: हाड मोडलेले नाही याची डॉक्टरांनी खात्री केली असेल, तर मान आठवडेच्या आठवडे पट्ट्यात जखडून ठेवल्याने दुखणे लांबण्याचीच शक्यता अधिक असते. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या तज्ज्ञगटाने १९९५ साली या दुखण्याचा सविस्तर आढावा घेतला, तेव्हाही लवकरात लवकर नेहमीच्या हालचालींकडे वळण्यावरच भर दिला होता. थोडे दुखले तरी मान हळूहळू हलवत राहावी. अंगावर काढणे वेगळे आणि अंग मोकळे करणे वेगळे.

आता कागदांविषयी. घाईत, संकोचापोटी आपण डॉक्टरांना ‘विशेष त्रास नाही’ म्हणतो, ते तसेच केसपेपरवर उतरते आणि दोन महिन्यांनी विमा कंपनी त्याच ओळीवर बोट ठेवते. म्हणून नवे दुखणे सुरू झाले की पुन्हा दाखवावे आणि त्याची नोंद करून घ्यावी. एका वहीत रोजच्या दोन ओळी लिहाव्यात: कुठे दुखले, कोणते काम जमले नाही, झोप किती लागली. झोपेचा उल्लेख मी सहज केलेला नाही. प्रसंग डोळ्यांसमोर येत राहणे, ब्रेकच्या आवाजाने दचकणे, गाडीत बसायला टाळाटाळ करणे, हेही दुखापतीतच मोडते. पहिल्या काही आठवड्यांत ते बहुतेकांचे आपोआप ओसरते; महिना उलटूनही ओसरले नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. नातेवाइकांनी मात्र मन मोकळे होईल या समजुतीने जखमीकडून तीच हकिगत पुन्हापुन्हा वदवून घेऊ नये.

चूक कोणाची, यावरही जखमीने तिथल्या तिथे निकाल देऊ नये. पोलिसांना आणि विमा कंपनीला वेळेत कळवावे, जे पाहिले तेवढेच सांगावे आणि वेगाचा किंवा अंतराचा अंदाज ठोकून देऊ नये. ‘मला नक्की आठवत नाही’ हे संपूर्ण उत्तर आहे. समोरच्या पक्षाकडून लवकर पैसे देण्याची तयारी दाखवली जाते, तेव्हा रुग्णालयाचे बिल समोर असते आणि मोह होणे स्वाभाविक असते. पण अंतिम तडजोडीच्या कागदावर सही झाली की पुढे निघालेल्या दुखण्याचा खर्च बहुतेक वेळा आपल्याच माथी येतो. तेव्हा दावा करण्याची मुदत कधी संपते ते आधी विचारून घ्यावे, तो कागद वकिलाला दाखवावा आणि उपचार करणारे डॉक्टर प्रकृती स्थिरावली असे लिहून देईपर्यंत त्यावर सही करू नये.